गल्ली सगळ्यांची, ट्रॉली माझी

आमच्या गल्लीचे तोंड नऊ फूट दोन इंच रुंद आहे. हे मला आज ठाऊक आहे, कारण मी स्वतः टेप धरून ते मोजले. साठ वर्षे त्याच तोंडातून आत-बाहेर केले, गाडी-बैल नेले, ट्रॅक्टर नेला, पण ते किती रुंद आहे हे कधी मोजावेसे वाटले नाही. मोजायची वेळ आली ती एका रात्रीनंतर. त्या रात्री त्या नऊ फुटांपैकी सात फूट माझ्या ट्रॉलीने अडवले होते.

सांगायला संकोच वाटतो, पण दुसऱ्याच्या चुका सांगत बसण्यापेक्षा आपली सांगितलेली बरी.

गेल्या हंगामातली गोष्ट. जानेवारीचा पहिला आठवडा, थंडी मी म्हणत होती. संध्याकाळी टोळीने ट्रॉली भरून दिली. थोरल्या मुलाने ती गावात आणून आमच्या दारापुढे, म्हणजे गल्लीच्या अगदी तोंडाशी, उभी केली. जेवायचे, दोन घटका पाठ टेकायची आणि रात्री कारखान्याच्या काट्यावर नंबर लावायला निघायचे, हा आमचा रोजचा शिरस्ता. तेवढ्यात मळ्यातून निरोप आला की भावकीतल्या एकाची भरलेली ट्रॉली पाटाजवळ चिखलात रुतली आहे. मुलाने आमची ट्रॉली तिथेच सोडली, ट्रॅक्टर काढला आणि तो मदतीला गेला. यात काही वावगे झाले असे तेव्हा कुणालाच वाटले नाही. अडलेल्याला हात द्यायचा ही गावची रीतच आहे.

रात्री एकच्या सुमाराला दार वाजले. आतल्या टोकाला राहणाऱ्या काकूंच्या सुनेला नववा महिना लागला होता. तिच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. त्यांनी १०८ ला फोन केला, गाडीही वेळेवर आली, आणि येऊन माझ्या ट्रॉलीपुढे थांबली.

आठ-नऊ टन ऊस भरलेली ट्रॉली दहा माणसांनी ढकलून हलत नाही. आम्ही ढकलून पाहिली. मुलाला फोन लावला तर मळ्यात रेंज नाही. ट्रॉली आणि भिंत यांच्यामध्ये दोन फूट जागा होती, आणि त्यातही गटार. माणूस अंग चोरून जाईल, पण स्ट्रेचर कसे जाणार? शेवटी शेजाऱ्यांच्या परसदारातून, गोठ्यातून, शेळ्या बाजूला हाकलीत, त्या पोरीला बाजेवर घालून चौघांनी हमरस्त्यावर नेले. बॅटरीचा उजेड मी धरला होता. पंचवीस मिनिटे गेली. ती पंचवीस मिनिटे ती पोर ज्या आवाजात कण्हत होती, तो आवाज मी विसरलेलो नाही.

देवाची कृपा, ग्रामीण रुग्णालयात बाळंतपण सुखरूप झाले. मुलगी झाली, आता रांगते आहे. पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो. काकूंनी पाट मांडला, चहा दिला, माझ्या बायकोची चौकशी केली. ट्रॉलीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

गाडी दारातच का?

घरी आल्यावर मी विचार करीत बसलो, की गल्लीत वाहन लावायचे हे आपल्याला शिकवले कुणी? आमच्या आज्याच्या काळी गावात मोजक्या बैलगाड्या होत्या. ज्याचा वाडा होता त्याची गाडी दिंडीतून आत जाई. ज्याला वाडा नव्हता तो दारापुढे भिंतीला लागून गाडी सोडी. जू जमिनीवर टेकवले की झाले. बैलगाडीच्या दोन चाकांतले अंतर पाच फुटांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे ती रिकामी असली तर दोन माणसे उचलून बाजूला सारू शकत. कुणाची तिरडी निघाली, कुणाची वरात आली, तर हाकेसरशी गाडी हलायची. गल्ल्या त्या मापाने पडल्या आणि सवयीही त्याच मापाने पडल्या.

पुढे गाड्या बदलल्या. आजचा ट्रॅक्टर साडेपाच-सहा फूट रुंद, ट्रॉली साडेसहा-सात फूट. रुग्णवाहिका साडेसहा फुटांच्या घरातली, आरसे बाहेर आले ते निराळेच. शिवाय दर दोन घरांआड मोटारसायकल, वर टेम्पो, जीप, आणि दिवाळी-यात्रेला पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या मोटारी. गल्ली मात्र आज्याने पाहिली तेवढीच. उलट प्रत्येकाने ओटा अर्धा हात पुढे घेतल्याने ती आवळतच गेली आहे. माझा ओटासुद्धा त्यात आला, हे टेप धरल्यावर कळले.

नुसती ट्रॉलीच उभी असते असेही नाही. पलटी नांगर, फण, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, सारे दारापुढे. पोरे लपाछपी खेळतात ती त्याच फणांमधून. मागे आमच्याच आळीतल्या एका पोराच्या मांडीत फणाचे टोक शिरले होते. तेव्हा सगळ्यांनी पोरालाच रागे भरले. अवजार तिथे कुणी ठेवले, हे कुणी विचारले नाही.

आणि गटारीवरच्या फरश्या? त्या ट्रॉलीच्या चाकाखाली फुटतात आणि मग पावसाळ्यात गावभर बोंब होते की ग्रामपंचायत काही करीत नाही.

कायदा काय म्हणतो

तालुक्याला गेलो तेव्हा ओळखीच्या वकिलांकडे बसलो आणि विचारले, "वकीलसाहेब, माझ्या दारापुढे मी माझी ट्रॉली लावली तर कायद्याने चूक आहे काय?" ते हसले आणि म्हणाले, "पाटील, दार तुमचे आहे. दारापुढचे तुमचे कुठे आहे?" मग त्यांनी पुस्तके काढून दाखवली. मला समजले तेवढे सांगतो.

पहिला कायदा आपल्या घरचाच, १९५८ सालचा ग्रामपंचायतीचा कायदा. त्याचे कलम ५३ सार्वजनिक रस्त्यावर आणि मोकळ्या जागेवर अडथळा करण्याबद्दल आहे. भिंत, कुंपण, ओटा, पायरी हे तर त्यात आहेच, पण रस्त्यात खोके, गठडी, माल किंवा दुसरी कुठलीही वस्तू आणून ठेवणे हेही त्यातच येते. असा अडथळा काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. ग्रामपंचायतीने डोळेझाक केली तर जिल्हाधिकारी स्वतः होऊन किंवा कुणाच्या अर्जावरून कारवाई करू शकतात. म्हणजे सरपंच आपलाच भाचा आहे म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही.

दुसरा मोटार वाहन कायदा, १९८८ चा. पुष्कळांची समजूत अशी की तो डांबरी रस्त्यावर, पोलीस उभा असेल तिथेच लागू. तसे नाही. जिथे लोकांना जायचा-यायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्या कायद्याने सार्वजनिक जागा आहे, मग ती गावची गल्ली का असेना. कलम १२२ सांगते की दुसऱ्याला धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवू नये. त्यात वाहनामागे जोडायच्या ट्रेलरचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि आपली ट्रॉली म्हणजे कायद्याच्या भाषेत ट्रेलरच. "ट्रॅक्टर जोडलेला नव्हता" हे माझे समर्थन तिथेच गळून पडले. कलम १२७ आणखी पुढचे आहे. दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेले वाहन, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन, ओढून नेण्याचा हुकूम गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या डोक्यावर. २०१७ साली वाहन चालवण्याची जी नियमावली आली, तिच्यातही वळणावर, चौकाजवळ, शाळा-दवाखान्याच्या दारापुढे, कुणाच्या आवाराचे दार अडवून वाहन लावायला मनाई आहे.

तिसरे, १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २८५ प्रमाणे सार्वजनिक वाटेत अडथळा करणाराला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या कायद्यात हाच दंड दोनशे रुपयांपर्यंत होता.

मी म्हणालो, "उभ्या वाहनाने काय अपघात होणार?" तर वकिलांनी एक निकाल सांगितला. १९८७ साली पुणे-बंगळूर महामार्गावर एक पेट्रोलचा टँकर धडक होऊन रस्त्याच्या कडेला उलटला. काही तासांनी त्याचा स्फोट झाला आणि जवळ जमलेल्यांतले कितीतरी लोक मेले. टँकर तर तेव्हा चालू नव्हता, मग भरपाई कशी, असा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ साली न्यायालयाने सांगितले की वाहन थांबलेले आहे म्हणून ते वापरात नाही असे होत नाही. तेव्हा रात्री मागे लाल परावर्तक नसलेली ट्रॉली रस्त्यावर सोडून घरी झोपलेला माणूस जबाबदारीतून सुटतो, असे कुणी समजू नये. कितीतरी ट्रॉल्यांना नंबराची पाटीही नसते, विम्याची गोष्ट दूरच.

जाता जाता जपानची एक गंमत त्यांनी सांगितली. तिथे १९६२ सालापासून कायदा आहे की मोटार ठेवायला जागा असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय मोटारीची नोंद होत नाही. ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. रस्ता म्हणजे गॅरेज नव्हे, हा त्यामागचा विचार. मात्र तिथली खेडी बहुतेक या दाखल्यातून वगळलेली आहेत. खेड्यात जागेला काय तोटा, असे त्यांनाही वाटले असावे! आमची गल्ली त्यांनी पाहिलेली नाही.

महिलांच्या सभेत विषय निघाला

कायदा कळला, पण गावात कायद्याचे पुस्तक दाखवून कुणी गाडी हलवत नाही. उलट भावकीत वैर वाढते. पोलिसांत अर्ज द्यावा तर उद्या त्याच्याच बांधावरून जायचे असते. म्हणून वर्षानुवर्षे कुणी बोलत नाही आणि जो तो आपापली गाडी लावतो.

आमच्याकडे कोंडी फोडली ती बायकांनी. २६ जानेवारीची ग्रामसभा होती. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते हे आपल्याला ठाऊक आहे. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते, सह्या घरोघर फिरून घेतात. यंदा काकू त्या सभेला गेल्या आणि उभ्या राहिल्या. माझी बायको तिथे होती, तिने सांगितले ते असे. काकू म्हणाल्या, "गाडी कुणाची होती ते मला सांगायचं नाही. गल्ली रातची मोकळी पाहिजे, एवढंच लिहून घ्या." मग एकेक बाई बोलू लागली. कुणाच्या नळाच्या तोंडाशीच मोटारसायकल, कुणाच्या म्हाताऱ्या सासूला गटारीवरून जावे लागते, कुणाची पोर शाळेला जाताना ट्रॉलीखालून वाकून जाते. ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेपुढे आला.

ग्रामसभेत मी हात वर केला आणि त्या रात्रीची ट्रॉली माझी होती हे सांगून टाकले. सगळ्यांना ठाऊक होतेच. पण त्यामुळे पुढची भांडणे थोडी सौम्य झाली असावीत.

भांडणे झालीच. एकजण म्हणाले, "माझ्या आज्यापासून आमची गाडी इथंच सुटते, हा आमचा वहिवाटीचा हक्क." यावर ग्रामसेवकांनी गावठाणाचा नकाशा मांडला. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. तिच्यात ड्रोन फिरवून गावठाणांची मोजणी होते आणि घरमालकांना मिळकतीची सनद मिळते. आमच्या गावची मोजणी झालेली आहे. घर कुठे संपते आणि गल्ली कुठे सुरू होते, हे त्या नकाशावर पोरानेही बोट ठेवून दाखवावे. आजोबांचा विषय तिथे थांबला. ज्या गावी असा नकाशा आला आहे त्यांनी तो एकदा पाहावा. आपले घर किती ते कळते आणि आपण किती पुढे आलो तेही कळते.

दुसरी हरकत मात्र खरी होती, आणि तिला उत्तर शोधायला दोन महिने लागले. "गाडी दारात नको तर ठेवायची कुठं? लांब ठेवली तर बॅटरी जाते, डिझेल जाते. टायर कोण राखणार?" हे खोटे नाही. मी स्वतः दारात ट्रॉली लावीत होतो ती याच भीतीने. ज्या गावाला वाहनांचा नियम करायचा आहे त्याने आधी चोरीचा विचार करावा, नाहीतर नियम आठ दिवस टिकतो.

आम्ही जुनी खळवाडी निवडली. पूर्वी तिथे सगळ्यांची खळी पडत, आता मळणी यंत्रावर शेतातच होते, जागा काटेरी झुडपांनी भरली होती. ग्रामपंचायतीने ती साफ करून मुरूम टाकला, दिव्याचे दोन खांब उभे केले. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी वर्गणी काढून तारेचे कुंपण आणि फाटक केले, आणि हंगामापुरता रात्रीचा राखणदार ठेवला. राखणदाराचा खर्च प्रत्येक ट्रॅक्टरमागे वाटून घेतला तर एका बॅटरीच्या किमतीहून कितीतरी कमी पडतो, हा हिशेब मांडल्यावर बरेच लोक तयार झाले. दोघे-तिघे अजूनही तयार नाहीत.

ठरावात फार बारकावे घातले नाहीत. प्रत्येक गल्लीत आठ फूट वाट चोवीस तास मोकळी. भरलेली ट्रॉली गावठाणात आणायचीच नाही, खळवाडीत किंवा गावाबाहेर ठरवलेल्या जागी लावायची. ट्रॅक्टर सोडवून नेला तरी गाडी हलवू शकेल असा कुणीतरी जवळ असला पाहिजे. मोटारसायकल आपल्या भिंतीला लागून आडवी न लावता उभी लावायची, नळ आणि गटारीची झाकणे सोडून. लग्नाचा मांडव गल्लीत घालायचा तर घालावा, आपल्याकडे दुसरी जागा कुठे असते, पण दुसऱ्या बाजूची वाट उघडी ठेवून आणि आधी ग्रामपंचायतीला सांगून. पाहुण्यांच्या मोटारी शाळेच्या मैदानाच्या कडेला. जावईबापू रुसतील या भीतीने हे कलम काढा असे एकाने सुचवले होते. सभेने ते हसण्यावारी नेले.

खळवाडीत लावतानाही

खळवाडी झाली म्हणून गाडी कशीही सोडून यायची असे नाही. ट्रॉली उतारावर असेल तर चाकाच्या खालच्या अंगाला चांगला मोठा दगड लावावा. हाताला येईल तो ढेकूळ पुरत नाही. ट्रॅक्टरचा हँडब्रेक ओढून, मागचे अवजार जमिनीवर टेकवून मगच उतरावे. अवजार उचललेलेच ठेवून गेले आणि दाब सुटला की ते खाली येते, खाली पोर असो की कुत्रे. किल्ली ट्रॅक्टरला ठेवू नये. आमच्याकडे एक जादा किल्ली नाव लिहून राखणदाराजवळ ठेवायची असे ठरले, म्हणजे रात्री आग लागली किंवा वाट हवी झाली तर मालकाला शोधत बसायला नको. कडब्याची गंज ट्रॅक्टरपासून लांब. आणि ट्रॉलीच्या मागे दोन्ही बाजूंना लाल परावर्तक पट्टी लावून घ्यावी. ती गावातल्या पोरांकरिता नाही, हमरस्त्यावर रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याकरिता. हंगामात त्या पट्टीअभावी कितीजण जातात ते आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो.

नवे घर बांधणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. बांधकामाची परवानगी घेताना ओट्याचा आणि संडासाचा विचार करतो, तसा दहा-बारा फूट वाहनाच्या जागेचाही करावा. आज मोटारसायकल आहे, उद्या मुलगा चारचाकी घेईलच. तेव्हा ती शेजाऱ्याच्या दारात नको.

आता पुन्हा हंगाम तोंडावर आला आहे. थोरल्याने गेल्या आठवड्यात ट्रॉलीचे टायर बदलले, परावर्तक लावले. रोज सकाळी घरापासून खळवाडीपर्यंत चालत जावे लागते म्हणून तो कुरकुरतो. काकूंच्या घरातली ती रांगती पोर दुपारी गल्लीत येते, सून तिच्या मागे धावते. पिठाच्या गिरणीपुढे टेम्पो उभे राहतात तो प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. गिरणीवाले म्हणतात, गिऱ्हाइकाला मी कसे सांगू? पुढच्या ग्रामसभेत तो विषय घेतला आहे, आणि बायकांची सभा आदल्या दिवशी आहे.